उतारशाळेतली ड्युटी

आधीच सांगून टाकतो, मी काही सेवाभावी वगैरे माणूस नाही. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, माझी ओळख म्हणजे हिशेबवाला. दानार्पणाचे पैसे मोजायचे, वहीत चढवायचे, कमिटीच्या मीटिंगचा वृत्तांत लिहायचा, मोठ्या उपासनेला खुर्च्या कमी पडतील का ते बघायचं, अशी कामं मला जमतात आणि आवडतात पण. आजारी माणसाच्या खोलीत शिरलो की काय बोलावं ते सुचत नाही, हात कुठे ठेवावेत तेही कळत नाही, म्हणून मी कायम पाकीट देऊन लवकर निघणाऱ्यांपैकी.

झालं असं की एका रविवारी पाळकसाहेबांनी बायबलातल्या मत्तयाच्या २५ व्या अध्यायावर संदेश दिला, मेंढरं आणि शेरडं वेगळी करण्याचा तो भाग, भुकेला होतो तेव्हा खायला दिलंत, आजारी होतो तेव्हा समाचाराला आलात. लहानपणापासून ऐकलेला. उपासना सुटल्यावर दारात हात मिळवताना त्यांनी विचारलं, "शनिवारी दुपारी काय करता तुम्ही?" मी म्हणलं, "काही नाही, घरीच असतो." तिथेच फसलो.

आमच्या मंडळीची भेटसेवा म्हणून एक टीम आहे, सहा-सात जण. जे लोक अंथरुणाला खिळलेत त्यांच्या घरी जायचं, मग ते आपल्या मंडळीचे असोत नसोत, ख्रिस्ती असोत नसोत. टीम चालवतात एक रिटायर्ड नर्स, सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात (नन नाहीत, नातवंडं आहेत त्यांना). मला वाटलं होतं जायचं, एखादं स्तोत्र वाचायचं, प्रार्थना करायची आणि यायचं. सिस्टर म्हणाल्या, आधी चार शनिवार ट्रेनिंग, त्याशिवाय कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला पेशंट केलं. हॉलमध्ये एक जुनी खाट, तिच्यावर मला उताणं झोपवलं आणि म्हणाल्या, "आता तासभर हलायचं नाही, नाक खाजलं तरी नाही." सुरुवातीला मजा वाटली. दहा मिनिटांनी उजवी टाच जाणवायला लागली, वीस मिनिटांनी टाच, माकडहाड आणि डोक्याची मागची बाजू सोडून मला दुसरं शरीरच नाही असं झालं. वर पंखा फिरतोय, तो बंद करावासा वाटतोय, पण बोलायची पण परवानगी नाही कारण मला झटका येऊन वाचा गेलेली आहे असं ठरलंय. आणि मग सिस्टर आणि अजून एक जण माझ्या दोन बाजूंना उभे राहून माझ्या अंगावरून बोलायला लागले, "जेवले का हे?" "हो, थोडंसं." "झोप लागते का यांना?" मी जिवंत, जागा, मध्ये पडलेला. राग आला हो खरंच, नाटक आहे माहीत असून.

तासाभराने उठलो तेव्हा सिस्टरनी माझी टाच बघायला लावली. लाल झालेली. त्यावर बोटाने दाबायचं आणि सोडायचं, पांढरं पडून परत लाल झालं तर ठीक, दाबूनही लालच राहिलं तर समजायचं की बेडसोअरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे, तिथे मालिश तर अजिबात करायचं नाही, आतला भाग अजून फाटतो. आपण सगळे काय करतो, लाल दिसलं की तेल घेऊन चोळायला बसतो. दर दोन तासांनी कूस बदलायची हे मी ऐकलेलं होतं पण त्या दिवशी मला ते अंगाला कळलं. कूस बदलताना काखेत हात घालून ओढायचं नाही, खाली दुमडलेली चादर ठेवायची आणि दोघांनी मिळून चादरीनेच सरकवायचं, नाहीतर कातडी घासली जाते. उचलताना आपली कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. भरवताना माणूस ताठ बसलेला पाहिजे, हनुवटी जरा छातीकडे, घास छोटा, आधीचा गिळला का ते बघून पुढचा, आणि जेवण झाल्यावर निदान अर्धा तास लगेच आडवं करायचं नाही.

नियम पण होते. पहिले काही महिने एकट्याने जायचं नाही, जोडीनेच (शिष्यांना प्रभूने दोघं दोघं करून पाठवलं ते काय उगाच नाही, सिस्टर म्हणाल्या). स्वतःच्या खिशातून पैसे द्यायचे नाहीत, गरज असेल तर मंडळीला सांगायचं. त्या घरातलं काही बाहेर बोलायचं नाही. नळी, जखम, इंजेक्शन याला हात लावायचा नाही, फोन करायचा. आणि प्रार्थना करायची असेल तर आधी विचारायचं, नको म्हणाले तर नको, तोंड पाडायचं नाही. हा शेवटचा नियम मला पटला नव्हता तेव्हा. म्हणलं आपण जातो ते कुणाच्या नावाने मग.

मला जे घर मिळालं तिथे एक आजोबा होते. आयुष्यभर शिलाईकाम केलेले. पॅरालिसिसच्या झटक्याने उजवी बाजू गेलेली, बोलणंही जवळजवळ गेलेलं, एक-दोन शब्द निघायचे तेही प्रत्येक वेळी वेगळ्या अर्थाने. त्यांना बघायला त्यांची मुलगी, एकटी. मी त्यांना ताई म्हणायचो, त्या मला दादा. ख्रिस्ती नव्हते ते लोक. ताईंनी पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नंतर बऱ्याच दारांत पाहिलंय, आता हे काय विकायला आलेत असा चेहरा.

पहिल्या भेटीची गंमत सांगतो. मी विचारलं, स्तोत्र वाचू का, ताई म्हणाल्या वाचा. मी २३ वं स्तोत्र काढलं, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, आणि जरा मोठ्याने, भाव घालून वाचायला लागलो. आजोबा डाव्या हाताने खाटेच्या कडेवर ठोकायला लागले. मला वाटलं त्यांना भावलं, ताल धरतायत. मी अजून रंगात आलो. मृत्युछायेच्या दरीपर्यंत पोचलो आणि ताई आतून हात पुसत धावत आल्या, "दादा, त्यांना पॉट हवाय." माझा जोडीदार हसू दाबायला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ते स्तोत्र मी त्या घरात पूर्ण वाचलं ते थेट सात महिन्यांनी.

दुसरी चूक जास्त वाईट. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी मी फोटो काढला, मी आजोबांचा हात धरून बसलोय असा, आणि मंडळीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेले, हृदय, "प्रभू आशीर्वादित करो" अशी रांग लागली, मला छानच वाटलं, खोटं कशाला बोलू. रात्री सिस्टरचा फोन. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अरे, त्यांच्या हनुवटीवर लाळ आहे बघ फोटोत. तू आजारी पडलास तर तुझा असा टाकू का मी?" मी काढून टाकला पण तोपर्यंत सगळ्यांनी पाहिलेला. डाव्या हाताला कळू न देता द्यायचं हे मत्तयाच्याच ६ व्या अध्यायात आहे, मी ते पाठ म्हणून दाखवू शकतो, पाठ असण्याचा काही उपयोग होत नाही एवढंच.

आणि मग पाचव्या आठवड्यात ते झालं. ताई दुसऱ्या खोलीत, माझा जोडीदार खाली औषध आणायला गेलेला, आजोबांनी डाव्या हाताने पाण्याच्या भांड्याकडे दाखवलं. उशी जरा खाली सरकली होती, जवळजवळ आडवेच होते ते. मी विचारच केला नाही. ज्या माणसाला स्वतःला तासभर खाटेवर झोपवून शिकवलं होतं त्या माणसाने भांडं उचललं आणि तोंडाला लावलं. पाणी खाली गेलं ते चुकीच्या वाटेने. आधी आवाजच नाही आला, नुसते डोळे मोठे झाले, मग खोकल्याचा जो उमाळा आला तो थांबेचना, चेहरा लालसर निळा, मी नुसता "आजोबा, आजोबा" करत उभा. ताई आल्या, मला खांद्याने बाजूला सारलं, त्यांना पुढे घेऊन ताठ बसवलं, हनुवटी खाली धरली, आणि हळूहळू खोकून खोकून पाणी बाहेर आलं. मग बराच वेळ त्यांचा आवाज ओला, घरघरल्यासारखा येत होता. डॉक्टरांना फोन झाला, दोन दिवस ताप येतो का बघा म्हणाले. आला नाही, देवाची कृपा.

मला तोवर वाटायचं पाणी म्हणजे सगळ्यात सोपं, साधं पाणी तर आहे. झटका आलेल्या माणसाला पातळ पाणीच सगळ्यात अवघड, घट्टसर काही असेल तर गिळताना थोडा वेळ मिळतो, पाणी धावतं. सिस्टरनी हे सांगितलेलं होतं. माझ्या वहीत लिहिलेलंही सापडलं नंतर, माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारून.

ताई काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं. पुढचे तीन शनिवार त्या खोली सोडून हलल्याच नाहीत, मी बसलोय आणि त्या दारात उभ्या, म्हणजे मी येण्याने त्यांचं काम वाढलं होतं, कमी नाही. मी सिस्टरना म्हणलं मला काढा यातून, मी पैसे मोजतो तेच बरं. त्या म्हणाल्या, "काढत नाही. पुढच्या वेळी आजोबांच्या जवळ जाऊच नकोस. ताईंना विचार, तुम्हाला काय हवंय."

मला हे विचित्र वाटलं. पेशंट आजोबा आहेत. तरी विचारलं. ताई बराच वेळ गप्प, मग म्हणाल्या, "झोप."

एवढंच. आम्ही दीड-दोन महिने त्या घरी जात होतो, वाचत होतो, प्रार्थना विचारत होतो, फळं नेत होतो, आणि एकदाही कुणी त्या बाईला विचारलं नव्हतं. रात्री दर दोन तासांनी उठून कूस बदलायची म्हणजे सलग झोप नाहीच, ते दीड वर्ष चाललेलं. मी हिशेबवाला, डोक्यात आपोआप आकडे सुरू झाले. आठवड्याचे तास १६८. मी देतो २. उरले १६६, ते कुणाचे?

त्या रात्री घरी येऊन मी लूकचा १० वा अध्याय काढला, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, लुटारूंनी मारून टाकलेल्या वाटसरूला परका माणूस मदत करतो ती. संडे स्कूलमध्ये नाटकात मी एकदा गाढवाचं काम केलेलं आहे त्या गोष्टीत, इतकी ओळखीची. या वेळी दुसरंच दिसलं. शोमरोनी जखमा बांधतो, तेल आणि द्राक्षारस ओततो, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागी, नेतो, ती रात्र काळजी घेतो, सगळं खरं. आणि दुसऱ्या दिवशी दोन नाणी काढतो, उतारशाळेच्या मालकाला देतो, याची काळजी घ्या, जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन, आणि जातो. जातो तो! त्याला त्याची कामं आहेत. मग त्या अर्धमेल्या माणसाला दुसऱ्या दिवसापासून कोणी उठवलं, कोणी पाणी पाजलं, घाण कोणी काढली? त्या मालकाला गोष्टीत एक वाक्य सुद्धा बोलायला नाही. दोन हजार वर्षं आपण सगळे शोमरोनी व्हायला निघालोय, त्या बिचाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे शोमरोन्याने त्याला नुसते पैसे दिले नाहीत, परत येईन म्हणाला. मंडळीच्या हिशेबात पहिला भाग मी वर्षानुवर्षं लिहीत आलो होतो, दुसऱ्याला रकानाच नव्हता.

मग असं ठरलं की शनिवारी तीन ते पाच ताई शेजारच्या खोलीत झोपणार, दार उघडं, आणि मी आजोबांपाशी बसणार. पहिल्या दिवशी त्या चार वेळा उठून बघून गेल्या. दुसऱ्या शनिवारी दोन वेळा. सहाव्या की सातव्या शनिवारी पाच वाजले, सव्वापाच वाजले, त्या उठल्याच नाहीत, आणि मी जोडीदाराला खुणेने सांगितलं की तू जा. मी साडेसहापर्यंत बसलो. बाहेर येऊन त्यांनी घड्याळ पाहिलं आणि रडायला लागल्या, मला वाटलं काही चुकलं, तर म्हणाल्या, "स्वप्न पडलं मला. किती दिवसांनी पडलं."

कमिटीत मात्र वेगळंच. वार्षिक सभेच्या आधी अहवालासाठी आकडे मागितले, किती भेटी, किती घरं, ते ठीक आहे, आकडे मलाच द्यायचे असतात. मग एका सभासदाने विचारलं, "आणि यातून किती जण प्रभूकडे आले?" मी गप्प. लिहू काय, एक बाई झोपली? सिस्टर मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या की दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला, प्रभूने विचारलं जरूर की बाकीचे नऊ कुठे आहेत, पण त्यांचं बरं होणं काही परत घेतलं नाही. त्या सभासदाचा मुद्दा मला पूर्ण चुकीचा वाटत नाही हे पण सांगतो. मी ख्रिस्ती आहे, प्रभूचं नाव कुणी घेतलं तर मला आनंदच होईल. फक्त अंथरुणावरचा माणूस उठून जाऊ शकत नाही, तो तुमचं ऐकून घेतो कारण त्याला दुसरा पर्यायच नसतो, अशा माणसाला पकडून सांगणं म्हणजे त्याच्या लुळेपणाचा फायदा घेणं. तो प्रार्थनेचा नियम मला तेव्हा पटला.

तक्रारी, याद्या, कुणाला मिळालं कुणाला नाही, याचा मला वीट यायचा आधी. नंतर प्रेषितांच्या कृत्यांचा ६ वा अध्याय वाचताना हसू आलं. अगदी पहिली मंडळी, सगळे एकदिलाचे म्हणतो आपण, आणि तिथे भांडण कशावरून तर रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना वगळलं जातं म्हणून. मग सात माणसं निवडली, नीट वाटपासाठी. म्हणजे मंडळीत निव्वळ व्यवस्थेसाठी पहिल्यांदा माणसं नेमली ती वाढपाच्या तक्रारीवरून, आणि त्यातला स्तेफन पुढे पहिला हुतात्मा झाला. हे वाचून मला माझ्या रजिस्टरबद्दल जरा बरं वाटायला लागलं.

सिस्टर अशा गोष्टी खूप सांगायच्या, घरांच्या वाटेवर चालता चालता. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बसिल, त्याने शहराबाहेर आजारी, गरीब आणि कुष्ठरोगी लोकांसाठी इमारतींची अशी वस्तीच उभी केली की त्याच्या मित्राने तिला नवं शहर म्हणलं. त्याच्या थोडं आधी रोमचा सम्राट जूलियन, ख्रिस्ती लोकांचा विरोधक, आपल्याच पुरोहिताला पत्रात वैतागून लिहितो की हे लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात. मला हे फार आवडलं, शत्रूकडून आलेलं सर्टिफिकेट. फादर डेमियन १८७३ मध्ये हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांच्या वस्तीत गेले, जखमा बांधल्या, घरं बांधली, शवपेट्या पण स्वतः करायचे, आणि १८८९ मध्ये त्याच रोगाने तिथेच गेले. आणि सिस्टरच्या लाडक्या म्हणजे सिसिली सॉन्डर्स. आधी नर्स, मग समाजसेविका, मग मरणाऱ्या लोकांच्या वेदनेकडे डॉक्टरच नीट बघत नाहीत म्हणून वयाच्या तिशीत मेडिकलला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (शेवटच्या दिवसांतल्या माणसांची काळजी घेणारी जागा) सुरू केलं. वेदना नुसती शरीराची नसते, मनाची, घरच्यांची, देवाशी भांडणाची पण असते, ती सगळी एकत्र बघायची, हे त्यांचं म्हणणं. विश्वासाने ख्रिस्ती बाई, पण हॉस्पिस सगळ्यांसाठी.

मी एकदा म्हणलं, सिस्टर, हे सगळे राहिले हो तिथे, मी पाच वाजता घरी जातो. त्या म्हणाल्या, "मग पाच वाजता जा, पण तीनला ये. सव्वातीनला नको."

पाय धुण्याचं काम मला सगळ्यात उशिरा मिळालं. पवित्र गुरुवारी आमच्याकडे पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात, प्रभूने शिष्यांचे धुतले त्याची आठवण, मी पण एकदा बारांत होतो, आणि खरं सांगू का, आम्ही सगळे घरून पाय घासूनपुसून, नखं कापून गेलो होतो. आजोबांचे पाय तसे नव्हते. पाणी कोमट, ते पण आपल्या कोपराने बघायचं, कारण त्यांच्या उजव्या पायाला चटका कळणार नाही. मी खाली बसून तो पाय हातात घेतला तर त्याचं वजन! जिवंत पाय आपण धरला तर माणूस नकळत थोडा उचलून धरतो, हा तसाच्या तसा तळहातावर येऊन पडला, ओल्या चादरीच्या बोचक्यासारखा. बोटांच्या बेचक्या एक एक करून कोरड्या करायच्या, तिथे क्रीम लावायचं नाही, ओल धरते. नखं सरळ कापायची, कोपरे गोल करायला जायचं नाही. अंगठ्याचं नख इतकं जाड झालेलं की भिजवून ठेवायला लागलं. पाऊण तास गेला दोन पायांना. त्या पाऊण तासात मी देवाचा काही विचार केला असं म्हणणार नाही, मी नखाचा विचार केला.

मान वर केली तर आजोबा माझ्या शर्टाकडे बघत होते. डावा हात पुढे आला, माझ्या बाहीची कड त्यांनी चिमटीत धरली, उलटी केली, टाके बघितले आणि तोंड वाकडं केलं. रेडिमेड शर्ट, टाके लांब. मग बोट दुसऱ्या बटणावर, ते लोंबत होतं, मला माहीतच नव्हतं. त्यांनी ताईंकडे बघून काहीतरी आवाज काढला, ताईंनी सुईदोरा आणला. मी म्हणलं, "अहो असू द्या आजोबा, घरी लावेन मी." त्यांनी माझा शर्ट सोडलाच नाही. शिष्य पेत्राने पण प्रभूला म्हणलं होतं, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत, आणि ऐकून घ्यावं लागलं त्याला. मी बसलो गप्प. ताई टाके घालतायत, ते डाव्या हाताने बटण धरून ठेवतायत, एक टाका मनासारखा पडला नाही तर बोटाने ठोकून उसवायला लावला, परत घातला. शेवटी दोऱ्याचा वेढा बटणाखाली घेऊन गाठ मारायला लावली आणि बटण ओढून बघितलं. एक शब्द आला, स्पष्ट, सात महिन्यांत मी ऐकलेला पहिला स्पष्ट शब्द: "पक्कं."

त्या दिवशी त्यांनीच पुस्तकाकडे बोट दाखवलं आणि मी ते २३ वं स्तोत्र पूर्ण वाचलं. हळू आवाजात.

मी हे का करतो हे मला अजून नीट सांगता येत नाही. प्रोटेस्टंट सुधारक लूथरने बायबलातल्या याकोबाच्या पत्राला १५२२ मध्ये गवताचं, म्हणजे हलकं, पत्र म्हणलं होतं, कारण त्यात कृतीवर फार जोर, आणि तारण, म्हणजे मुक्ती, देवाच्या कृपेने आहे, कर्माने नाही, हे मी पण मानतो. पण याकोब जे म्हणतो, उघड्या-उपाशी माणसाला नुसतं म्हणालात की जा बाबा, ऊब घे, पोटभर खा, आणि दिलं काहीच नाही तर काय उपयोग, ते मला पाकीट देऊन निघायचो त्या दिवसांचं वर्णन वाटतं. पुण्य जमा होतंय असं मला कधी वाटलं नाही. उलट पहिल्या पाच आठवड्यांचं बघितलं तर मीच देणं लागतो.

आजोबा गेले ते एका मंगळवारी पहाटे. मी नव्हतो, शनिवारवाला मी. ताईंनीच फोन केला, म्हणाल्या कूस बदलायला उठले तर हात गार लागला. आम्ही सगळे गेलो, मागे उभे राहिलो, त्यांच्या पद्धतीने जे झालं ते झालं, कुणी प्रार्थना विचारली नाही, विचारायची वेळच नव्हती ती.

पुढच्या शनिवारी मात्र तीन वाजता माझे पाय तिकडेच वळले. कारण होतं, एअर मॅट्रेस आणायची होती. ती मंडळीची, आलटून पालटून हवा भरणारी, आणि सिस्टरकडे दुसऱ्या घरचा फोन आलेला. ताईंनी ती आधीच औषधाच्या पाण्याने पुसून वाळवून ठेवलेली, पंपाची वायर नीट गुंडाळून रबर लावलेलं. पण नळ्या काढल्या तरी हवा काही जाईना, गुंडाळायला घ्यावी तर दुसऱ्या टोकाला फुगवटा. मी एका बाजूने गुडघा दिला, त्यांनी दुसऱ्या बाजूने, मध्येच ती अशी काही फसकन वाजली की दोघं दचकलो आणि त्या हसल्या. मग सरळ त्या मॅट्रेसवर बसल्याच, मांडी घालून, म्हणाल्या, "थांबा दादा, माझ्या वजनाने जाईल." मी पण टेकलो कडेला. हवा हळूहळू जात होती. त्यांनी विचारलं, "आता कुणाकडे जाणार ही?" मी म्हणलं, नाव सांगता येत नाही, नियम आहे. त्या मान हलवून म्हणाल्या, "त्या घरी कोण आहे बघायला? एकटंच आहे का?"

मी म्हणलं, हो, एकटीच आहे.

"मग तिला सांगा," त्या म्हणाल्या, "रात्री पंपाचा आवाज बदलला की उठायचं, घड्याळ लावायची गरज नाही."